पुडीचा रंग आणि दारचा पळस

लाकूड आणि रंग यांचं नातं मानवी भाषेहूनही प्राचीन आहे. वैनगंगेच्या तीरावर दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू आपल्या काष्ठपात्रांना ताज्या पळसफुलांचा वर्ण देत असत, आणि तीच अखंड परंपरा आजही अड्याळच्या एका अंगणात तेवत आहे.

ही दोन्ही वाक्यं माझी आहेत. गुळगुळीत कागदावर, भोवती वेलबुट्टी काढून ती छापली गेली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात कोंबली गेली. पहिल्या वाक्याला माझ्याकडे पुरावा नाही. दुसऱ्यात वैनगंगा तेवढी खरी आहे.

मी पवनीच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मास्तर गावाला दोनच कामांसाठी आठवतो. सत्काराला अध्यक्ष मिळत नसला की, आणि अर्ज लिहून हवा असला की. पहिल्या कामातून मी लवकर सुटलो, कारण दुसऱ्याचं भाषण चालू असताना मला झोप लागते आणि ती झोप मंचावरून फार स्पष्ट दिसते. अर्ज मात्र लिहीत राहिलो. विहिरीचे, रेशनचे, नावातल्या चुकांचे, आणि चूक दुरुस्त करताना झालेल्या नव्या चुकांचे. पस्तीस वर्षं साम्राज्यं का बुडाली ते शिकवलं. खरं कारण मला अर्ज लिहायला लागल्यावर कळलं.

पवनी तालुक्यातल्याच अड्याळच्या बाजारात मी गेलो होतो तो बायकोसाठी पोळपाट घ्यायला. बाजाराच्या कडेला एक म्हातारा खरादीवाला बसतो. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र. त्याच्यापुढे पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खुंट असा नेहमीचा माल, आणि त्याच्या बाजूला एका फडक्यावर पंधरा-वीस करंडे मांडलेले. कुंकवाचे, सुपारीचे, लवंग-वेलचीचे. ते बघून मी थांबलो, कारण त्यांचा रंग तेलरंगासारखा लाकडावर बसलेला नव्हता, लाकडात शिरलेला होता. जांभळ्यातून शिवणीच्या झाडाच्या लाकडाच्या रेषा दिसत होत्या. लाल तर असा होता, की करंडा लाल लाकडाच्याच झाडाला लागला असावा.

मी म्हाताऱ्याला कारागिरीबद्दल दोन वाक्यं बोललो. त्याने मान हलवून मागे बोट दाखवलं. मागे चाळिशीची एक बाई खालमानेने एका झाकणाला मेण घासत होती. तिचे हात मनगटापर्यंत तीन रंगांचे होते. ही त्याची सून. लाकूड सासरा कातायचा, रंग ती द्यायची. तिचा नवरा मोबाइल दुरुस्त करतो, आणि खरादीच्या भुशाने फोन बिघडतात म्हणून त्याने दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला घातलं आहे.

रंग कसला, असं मी विचारलं. तिने जराही आढेवेढे न घेता सांगितलं की कपड्याचा. किराणा दुकानात लुगडं पुन्हा रंगवायला जी पुडी मिळते, ती. वर तिने हेही सांगितलं की करंडा आतून कोरा ठेवला आहे, रंग फक्त बाहेरून आहे, आणि यात खायचं काही ठेवायचं नाही. सुपारीचा करंडा विकताना, सुपारी कागदात गुंडाळून ठेवा, असं सांगणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघत होतो. मी पोळपाट विसरून करंडा घेऊन घरी आलो.

बायकोने करंडा उलटासुलटा पाहिला, ओल्या फडक्यात गुंडाळून पाटावर ठेवला आणि पोळपाट कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी फडक्यावर एक फिकट गुलाबी वर्तुळ उमटलं होतं, करंडा होता तसाच होता. ‘हात चांगला आहे,’ ती म्हणाली. हे तिने माझ्या कुठल्याही लेखनाबद्दल अजून म्हटलेलं नाही.

पोळपाटासाठी मला पुढच्या बाजारी पुन्हा जावं लागलं, आणि मग जाणं लागूनच गेलं. हळूहळू तिची सगळी रीत मला कळली. आधी करंडा ओल्या फडक्याने पुसायचा म्हणजे लाकडाची बारीक कुसं उभी राहतात. ती वाळवून झिरो पेपरने, म्हणजे बारीक काचकागदाने, घासून टाकायची, नाहीतर रंग दिल्यावर उभी राहतात आणि करंडा दाढी न केलेल्या माणसासारखा दिसतो. मग कडकडीत पाण्यात पुडी. पुडीवर मीठ टाकायला सांगितलेलं असतं, पण मीठ टाकायचं नाही. कपड्याला ते चालतं, लाकडावर वाळल्यावर पांढरा खार फुटतो. सावलीत वाळवायचं. लाल-पिवळ्यावर जवसाचं तेल चालतं, निळ्यावर चालत नाही, कारण तेलाच्या पिवळेपणाने निळा शेवाळी होतो. निळ्याला मेणच. करंडा खरादीवर फिरता ठेवून मेणाचा खडा टेकवायचा, घर्षणाने मेण वितळतं आणि लाकूड ते पिऊन घेतं. यातलं काहीही तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवाळी झालेले सहा करंडे घरात होते, त्यांत ती खिळे ठेवत असे.

हे सुचलं कसं, हे मी मोठ्या आशेने विचारलं. शोध लागण्याच्या गोष्टींत काहीतरी पडावं लागतं. तसं काही पडलं नव्हतं. ती दरवर्षी घरची जुनी लुगडी रंगवायची आणि रंग एका काठीने ढवळायची. काठी लाल झाली. घासली तरी लालच राहिली. सासऱ्याच्या मालाला तेव्हा डब्यातला तेलरंग लागत असे, त्याचे पोपडे निघत आणि गिऱ्हाईक परत येई. तिने एका हातात काठी धरली, दुसऱ्या हातात पोपडा आलेलं झाकण.

‘कापूस बी झाडाचाच, लाकूड बी झाडाचंच,’ ती मला म्हणाली. ‘कापसाले लागते तं लाकडाले काहून नाही लागन?’

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच वाक्य दीड पान घेतं.

एका बाजारी तिने करंडे लावता लावता, माझ्याकडे न बघता, अर्जाचा विषय काढला. आदल्या हिवाळ्यात भंडाऱ्याला हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. सासऱ्याकडे कारागिराचं ओळखपत्र होतं म्हणून स्टॉल मिळाला. चार दिवस सासरा गळ्यात फोटोची पट्टी घालून खुर्चीत बसला, आणि वयाप्रमाणे बराच वेळ झोपला. लोक रंगाबद्दल विचारत, उत्तरं ही देई. दुसऱ्या दिवशी व्यवस्थेतली एक मुलगी आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, की ताई, कारागिरांच्या जागेत मदतनिसांनी बसू नये. ही उठली. उरलेले दिवस ती उभी राहिली. शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुणे येणार म्हणून सगळ्या मदतनिसांना पडद्यामागे उभं केलं. पाहुण्यांनी जांभळा करंडा उचलून विचारलं, हा रंग कुणी काढला. सासरा प्रामाणिकपणे म्हणाला, माह्या सुनेनं. पण तोवर फोटो निघाला होता, आणि पाहुणे पुढच्या स्टॉलवर मातीचा बैल उचलत होते. हे सगळं तिने पडद्याच्या मागल्या बाजूने ऐकलं.

‘सर, मले माह्या नावाचं कारड पायजे,’ ती म्हणाली. ‘मामाजीच्या मांगं उभं नाही राहाचं मले आता.’

मामाजी म्हणजे सासरे. ते तिथेच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि एका लाटण्याची किंमत सांगितली, जी कुणी विचारली नव्हती.

मी अर्ज लिहिला. अर्जात ‘कलाप्रकार’ असा रकाना होता. मी म्हटलं, लाकूडकाम, कातकाम लिहू. ती म्हणाली, मी कातत नाही तर कातते असं काहून लिहायचं? मी तिला समजावलं की रकाना आहे, त्यात काहीतरी बसलं पाहिजे. ती म्हणाली, मग रंगवते असं लिहा. मी ‘लाकडी पात्रांचे रंगकाम’ असं लिहिलं. शासकीय कागदावर मी लिहिलेलं ते अखेरचं सत्य.

भंडाऱ्याच्या कार्यालयातले साहेब तरुण होते, नम्र होते आणि वारशावर त्यांचा फार जीव होता. त्यांच्या टेबलावर डोकरा धातुकलेचा घोडा, वारली चित्राचा कप आणि बांबूचा पेनस्टँड होता. पेन प्लास्टिकचं होतं. करंडा त्यांनी दोन्ही हातांत धरला, प्रसादासारखा. मग रंग कोणता, हे मी सांगितलं आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. कपड्याचा रंग, तोही पुडीतला, हे परंपरेत बसत नाही, असं त्यांनी दुःखाने सांगितलं. नैसर्गिक रंग असता तर गोष्ट वेगळी होती. तज्ज्ञांची समिती आहे, ती येऊन बघते, मग शिफारस करते. एक छोटंसं माहितीपत्रक जोडलंत तर समितीला पार्श्वभूमी कळेल. आणि पवनीसारख्या ठिकाणी पार्श्वभूमीला काय कमी, असंही ते म्हणाले.

आता मी इतिहास शिकवलेला माणूस. पवनीला जुने स्तूप आहेत, खोदकामात पुष्कळ वस्तू निघाल्या आहेत, आणि लाकडी पात्र एकही निघालेलं नाही. लाकूड दोन हजार वर्षांत कुजतं. म्हणजे भिक्षूंकडे रंगीत काष्ठपात्रं होती हे सिद्ध करता येत नाही, आणि नव्हती हेही कुणाला सिद्ध करता येत नाही. मास्तराला याहून सुपीक जमीन मिळत नाही. मी एका दुपारी बसून पत्रक लिहिलं. नैसर्गिक रंग म्हणून पळस घेतला, कारण आमच्याकडे तो गवतासारखा आहे आणि ‘पळसफुले’ हा शब्द कागदावर छान दिसतो. ‘ताज्या’ हे विशेषण लयीसाठी घातलं.

तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, की पळस तिने करून पाहिला आहे. फुलं उकळली, तुरटी घातली, सगळं केलं. पंधरवड्यात करंडा पाणचट चहाच्या रंगाचा झाला. मी म्हणालो, हे फक्त लिहिण्यापुरतं आहे. ती म्हणाली, मग रंगवा बी तुमीच.

घरी बायकोने पत्रक उभ्याउभ्या वाचलं. ती पवनीचीच, माझं शिक्षण तिला कधी जड गेलं नाही. ‘ते बाई खरं करून राहिली,’ ती म्हणाली, ‘अन् तुमी खोटं लिहून राहिले. कारड कोणाले पायजे आहे नेमकं?’

मी तिला शासनव्यवहाराच्या काही मर्यादा समजावून सांगितल्या. ती तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

समिती आली ती पोळ्याच्या दिवशी. सुटीच्या दिवशी यायचं कारण असं, की नागपूरच्या तज्ज्ञ बाईंना ग्रामीण सणही बघायचा होता, आणि एका गाडीत दोन कामं होत होती. गाडीतून साहेब उतरले. हातमागाची जाडीभरडी साडी आणि गळ्यात बियांची माळ घातलेल्या तज्ज्ञ बाई उतरल्या. शेवटी रजिस्टर छातीशी धरून कार्यालयाचा शिपाई उतरला. हा दिघोरीचा, घरी शेती आणि बैलजोडी. संध्याकाळी गावच्या पोळ्यात त्याचे बैल उभे राहायचे होते आणि दुपारचे दोन वाजून गेले होते. त्याच्या चेहऱ्यावर वारसा वगैरे काही दिसत नव्हतं. घड्याळ दिसत होतं.

आता आमच्याकडे पोळ्याला दारोदारी पळसाच्या डहाळ्या उभ्या करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून, घरातली रोगराई त्यांच्याबरोबर जा म्हणत, गावाबाहेर नेऊन टाकतात. लहानपणापासून मी हे दरवर्षी करत आलो आहे. पत्रक लिहिताना ते मला आठवलं नाही. त्या दिवशी अड्याळच्या गल्लीतून चालताना मात्र प्रत्येक दारात पळस उभा होता. हिरवागार, मोठाल्या पानांचा. पळस फुलतो फाल्गुनात. पोळा येतो श्रावणाच्या अमावास्येला. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीविरुद्ध गावाने घरटी एक साक्षीदार उभा केला होता.

तज्ज्ञ बाई एका दारापाशी थांबल्या. त्यांनी पत्रक काढलं, डहाळीकडे पाहिलं, पुन्हा पत्रकाकडे पाहिलं. मी घाम पुसला. बाईंचे डोळे पाणावले होते.

त्या साहेबांना म्हणाल्या, की बघा, रंगाचा कच्चा माल या लोकांनी दारादारात जपून ठेवला आहे. याला म्हणतात जिवंत परंपरा. मग त्यांनी फोटो काढला. ज्या घराचा फोटो निघाला तिथली म्हातारी आमच्याकडे संशयाने पाहत होती, कारण उद्या फेकायच्या रोगराईचा फोटो आजवर कुणी काढला नव्हता. शिपाई रस्त्यातल्या एका खड्ड्याकडे फार लक्ष देऊन बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

अंगणात तिने सगळी तयारी केली होती. खराद, कोरे करंडे, चुलीवर पाणी. सासरा सणाचा म्हणून धुतलेला सदरा घालून मोटरीपाशी बसला होता. दारात अर्थातच पळस. खुर्च्या मांडल्या होत्या, साहेब आणि बाई बसल्या. ती उभी होती. चहा झाला. मग बाईंनी पत्रकातलं दुसरं वाक्य मोठ्याने वाचलं, ‘ताज्या’वर किंचित जोर देऊन, आणि आता प्रत्यक्ष दाखवा म्हणाल्या. पळसापासून रंग कसा काढता.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत मुलाने पाटीवर चुकीचं उत्तर लिहिलं की आपण जसं त्याला स्वतःच पुसायची संधी देतो, तसं. मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पस्तीस वर्षं मी बोलण्याचाच पगार घेतला होता.

तिने दारातली डहाळी उचलली आणि बाईंच्या पुढ्यात धरली.

‘याले आता फूल नाही जी,’ ती म्हणाली. ‘फागुनात येते. अन् आलं तरी त्याचा रंग टिकत नाही, मी करून पाह्यला. मी हे वापरून राहिली.’ आणि तिने पदरात बांधलेल्या तीन पुड्या सोडून डहाळीशेजारी ठेवल्या. लाल, निळी, जांभळी.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डहाळीची पानं मोजली.

बाईंना खरोखर वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. फसवलं गेल्याचं वाईट नव्हे, सुंदर गोष्ट खोटी निघाल्याचं. त्या म्हणाल्या की हे बाजारू रसायन आहे, याला परंपरा कशी म्हणायची? यावर मोटरीपाशी बसलेला सासरा, जो मला वाटत होतं झोपला आहे, बोलला.

‘माहा बाप खराद दोरीनं फिरवे,’ तो म्हणाला. ‘मी मोटरीनं फिरवतो. ते मोटर बी दुकानातूनच आणली. बंद करू का जी?’

उत्तराची वाट न बघता त्याने मोटर चालू केली.

मग तिने करंडा रंगवला. कुसं उठवली, घासली, पुडी विरघळवली, फडक्याच्या बोळ्याने रंग फिरवला. पांढऱ्या शिवणीत जांभळा असा शिरत गेला की बाईंनी माळेशी चाललेला चाळा थांबवला. वाळायला वेळ लागणार म्हणून तिने आदल्या दिवशी रंगवलेला दुसरा करंडा खरादीवर चढवून मेण दिलं. काम चालू असताना ती एकदाही कुणाकडे बघत नव्हती, आणि मला वाटतं, तिथे उभं असल्याचंही विसरली होती.

शिपायाने हळूच विचारलं, धुतल्यावर रंग जातो का. हा त्या दिवसातला एकमेव तांत्रिक प्रश्न. ती म्हणाली, पहिल्यांदा थोडा जातो, मग नाही जात. त्याने करंड्यावर थुंकी लावून बोट घासलं, बोट पाहिलं आणि मान हलवली. मग साहेबांच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, ‘साहेब, लिहून टाका जी काय लिहाचं ते. माहे बैल वाट पाहून राहिले.’

साहेबांनी रजिस्टरमध्ये बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. जाताना बाईंनी जांभळा करंडा विकत मागितला, आणि तो ओला आहे, उद्या न्या, असं तिने सांगितल्यावर वाळलेला निळा घेतला. मला त्या म्हणाल्या, की तुमची भाषा फार चांगली आहे. एवढं लागेल असं मला शाळा तपासणीतही कुणी बोललं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी अड्याळच्या बाजारात गेलो नाही. बायको म्हणाली, पोळपाट जुना झाला का बघा, नसेल तर निमित्त दुसरं शोधू. मी धानकापणी चालू आहे, रस्त्यात गर्दी असते, असं काहीतरी म्हणालो. शेवटी तीच एका बाजारी माझ्याबरोबर आली आणि मला फडक्यापुढे उभं करून मिरच्या घ्यायला निघून गेली.

मी माफी मागायला तोंड उघडलं. करंडेवाल्या बाईने करंड्यांखालून एक लिफाफा काढला आणि वाचून द्या म्हणाली. कार्यालयातून आला होता, तिने अजून फोडला नव्हता. अर्ज नामंजूर झाल्याची भाषा मला पाठ आहे, ‘उपरोक्त विषयान्वये’पासून सुरू होते. मी चष्मा पुसण्यात वेळ काढला. तिने पुसू दिला.

आत ओळखपत्र होतं. फोटो तिचा होता. नाव बरोबर होतं, जे शासकीय कागदावर फार जणांच्या नशिबी येत नाही. खाली लिहिलं होतं, कलाप्रकार : कापड रंगाई.

मी ते तीनदा वाचलं. नंतर शिपायाकडून कळलं, की साहेब पंधरा दिवस यादी घेऊन बसले होते. यादीत लाकूडकाम होतं, पण बाई लाकूड कातत नाही हे अर्जावरूनच दिसत होतं. नैसर्गिक रंगकाम होतं, पण पुड्या त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. लाकडी पात्रांचं रंगकाम यादीत नव्हतं. साहेब सचोटीचे. वापरतात तो रंग कपड्याचा, तेव्हा खरेपणाने बसेल असा एकच रकाना उरला. खरं बोलल्याचं फळ मिळतं, हे मी मुलांना शिकवत आलो होतो. कोणत्या रकान्यात मिळतं, ते पुस्तकात नव्हतं.

दुरुस्तीचा अर्ज लिहून देतो, असं मी तिला म्हणालो. तिने ओळखपत्र माझ्या हातातून घेतलं, रंगीत बोटं पदराला पुसली आणि ते गळ्यात घातलं.

‘राहू द्या सर,’ ती म्हणाली. ‘नाव तं माहंच आहे.’

त्या हिवाळ्यात प्रदर्शनाला मी गेलो. ती खुर्चीत बसली होती. सासरा त्याचं ओळखपत्र घालून शेजारच्या स्टॉलवर गप्पा मारत होता, कारण खुर्ची एकच होती. गोड आवाजाची ती मुलगी आली, ओळखपत्र वाचलं आणि विचारलं, ताई, कापड कुठे आहे? तिने करंड्यांखाली अंथरलेलं जांभळं फडकं दाखवलं. मुलीने यादीवर बरोबरची खूण केली. प्रवेशद्वाराशी माझं पत्रक वाटलं जात होतं. साहेबांनी ते रद्द केलं नव्हतं, कारण कार्यालयाने ते आधीच छापून घेतलं होतं. दोन गृहस्थ माझ्यासमोर भिक्षूंच्या काष्ठपात्रांविषयी बोलत गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

प्रदर्शनानंतर, ओळखपत्रधारक कारागिरांना मिळते ती साहित्याची पेटी तिच्या घरी आली. वाचून द्यायला मला बोलावणं आलं. पेटीत एक टब होता, रबरी हातमोजे होते, कपड्याच्या रंगाच्या चोवीस पुड्या होत्या, अड्याळच्या किराणा दुकानात मिळतात त्याच, आणि ढवळायला एक प्लास्टिकची काठी होती. सोबत सूचनापत्र होतं. मी ते तिला वरपासून वाचून दाखवलं. चौथी सूचना अशी होती : ‘रंग ढवळण्यासाठी लाकडी काठी वापरू नये. हा रंग लाकडाला लागतो व निघत नाही.’